जगूभाईंचा कार्बोरेटर

जगूभाईंशी माझी ओळख भांडणानं झाली. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून आम्ही पालघरची भाड्याची खोली सोडून माकुणसारच्या वाडीतल्या घरात राहायला आलो. मी सातपाटीला एका बर्फाच्या कारखान्यात ऑफिसात बसते. दिवसभर कॉम्प्रेसरची घरघर ऐकायची, स्कूटीवरून धुरळा खात घरी यायचं, देवापाशी दिवा लावायचा आणि चहाचा कप घेऊन पडवीत जरा गप्प बसायचं, एवढीच काय ती माझी चैन. आणि नेमकी तेव्हाच कुंपणापलीकडे लाकूड कापायची मशीन सुरू व्हायची. घर्र करून पेटायची, किंचाळायची, खोकायची, मरायची. मग दोरी ओढल्याचा आवाज, की पुन्हा किंचाळणं. आठवडाभर मी सोसलं. मग एक दिवस कप खाली आपटला आणि तरातरा निघाले. सासूबाई मागून म्हणाल्या, जाऊ नको गो, तिथलं वेगळं हाय. पण माझं डोकं फिरलं की मला मागचं ऐकू येत नाही.

फाटकातून आत गेले तर विहिरीपाशी जांभळाचा एक मोठा ओंडका आडवा पडलेला. त्याच्याजवळ स्टुलावर निळा, विटलेला शर्ट घातलेला एक काटकुळा माणूस, मांडीवर ती मशीन, कानावर बारीक स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. हेच जगूभाई. समोर खुर्चीत त्यांच्याहून म्हातारे एक गृहस्थ, अंघोळ घालून भांग पाडून बसवल्यासारखे, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. भजनाला बसावं तसे ते त्या किंचाळण्यापुढे बसले होते. मी माझं सगळं बोलून घेतलं. लोकांना कान आहेत, दोन घोट चहा सुखानं पिता येत नाही, तिन्हीसांजेला कोण झाडं तोडतं, शेजारधर्म म्हणून काही असतो का. जगूभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मशीन बंद केली. म्हणाले, "थांब आता इथंच, आणि बघ."

मी थांबले. त्या म्हाताऱ्यांचे हात गुडघ्यांवर चुळबुळायला लागले. डोळे उघडले. ते उठले, फाटकापाशी गेले आणि कडी खालीवर करायला लागले. कुठं निघालात विचारलं तर म्हणाले, काम राहिलंय. मग कडी जोरात हलवायला लागले, मग फाटकच. जगूभाईंनी दोरी ओढली. मशीन पेटली तशी म्हाताऱ्यांची मान सैल पडली, आणि ते मुकाट्यानं येऊन खुर्चीत बसले.

"हे माझे थोरले बंधू," जगूभाई मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "आता सांग, तुझा चहा मोठा का हे?"

मी आले तशी परत गेले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

बंधूंना विसरायचा आजार होता. आधी विळा कुठं ठेवला ते विसरले, मग जेवलो का ते, मग गाव, मग माणसं. जगूभाईंची बायको गेलेली, मुलगी नाशिकला, आणि बंधूंनी लग्नच केलेलं नव्हतं. त्यामुळे त्या घरात दोन म्हातारे आणि कड्या. कड्या तरी किती! प्रत्येक दाराला वर, हात उंचावून काढावी लागेल अशी एक, आणि मोरीच्या दाराची आतली कडी उचकटून टाकलेली. स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली जगूभाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, जगूभाई, जेलर शोभता. तर म्हणाले, जेलरला सुट्टी असते. हसत म्हणाले, पण पुढं कितीतरी वेळ गळ्यातल्या दोऱ्याशी चाळा करत बसले. समुद्र तिथून हाकेवर. वारा फिरला की घरात लाटा ऐकू येत. हा माणूस किती दिवसांत किनाऱ्यावर गेला नव्हता ते त्यालाही आठवत नव्हतं.

स्वभावानं मात्र काही गरीब गाय वगैरे नव्हते हं. तिरसट, आणि जीभ अशी की समोरच्याला दोन दिवस झोंबावं. मी वाटीतून कालवण नेऊन दिलं की वाटी परत देताना त्यात कधी दोन चिकू असायचे आणि वर शेरा असायचा: मीठ विसरलीस, का महाग झालंय? आमच्या मांजरीचा त्यांना राग, माझ्या नवऱ्याच्या मोबाइलचा राग, आणि सगळ्यात जास्त राग कुणी बंधूंसमोर "ह्यांना काही कळत नाही" म्हटलं की. अशा माणसाला ते फाटकापर्यंत पोचवायचे आणि कडी लावून घ्यायचे.

रोज सकाळी एक प्रकार चालायचा. बंधूंना चहा-बटर दिलं की जगूभाई त्यांच्यापुढे उकिडवे बसायचे आणि विचारायचे, बंधू, मी कोण? आमच्या पडवीतून सगळं दिसायचं. बंधू विचार करून, मन लावून उत्तर द्यायचे. कधी वायरमन, कधी गुरांचे डॉक्टर. एकदा तलाठी म्हणाले, तर जगूभाई दिवसभर मला सांगत होते की आज बढती मिळाली. सगळं हसण्यावारी न्यायचे. पण एका सकाळी बंधू त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "नाव नाय ध्यानात, पण तुमी माणूस भला दिसता." त्या दिवशी जगूभाईंनी मला काही सांगितलं नाही. संध्याकाळी मशीनही उशिरानं सुरू झाली.

ती मशीन म्हणजे नुसता आवाज करायचं साधन आहे असं मला वाटायचं. तसं ते नव्हतं, हे मला जगूभाईंच्या तोंडून केळव्याच्या बाजूची जुनी हकीकत ऐकल्यावर कळलं. तरुणपणी दोघा भावांचा झाडं तोडायचा धंदा होता. बंधूंनी मुंबईला दारूखान्याच्या, म्हणजे जहाजं मोडतात तिथल्या, भंगारातून ती परदेशी मशीन उचलून आणली होती. तेव्हा आसपासच्या गावांत सगळीकडे कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायचा करवत. ही मशीन बघायला माणसं सुरूच्या बागेत जमायची. सकाळी मशीन नीट लावायचं काम बंधूंचं. ते कानानं लावायचे. लागली की जगूच्या हातात द्यायचे आणि स्वतः लांब जाऊन दोर बांधायचे, मालकाशी बोलायचे. जगू विशीतला, अंगात मस्ती. एका पावसाळ्यात चिंचेची फांदी फिरली आणि जगू तिच्याखाली गेला. मांडीचं हाड मोडलं. बंधूंनी त्याला पाठीवर घेऊन चिखलातून रस्त्यापर्यंत आणला. पाय वाचला, पण कायमचा ओढत चालण्यासारखा झाला. त्या दिवसानंतर बंधूंनी त्याला मशीनला हात लावू दिला नाही. कुणाकुणाच्या दारात उभे राहिले आणि तारापूरच्या एका कंपनीत त्याला इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली चिकटवलं. थोड्याच दिवसांत स्वतःचाही धंदा गुंडाळला. मशीन गोणपाटात बांधून माळ्यावर गेली, ती बंधूंचं डोकं जायला लागल्यावर जगूभाईंनी खाली काढली.

आता गंमत बघा. मशीन लावता येत होती एकट्या बंधूंना, आणि बंधू सगळं विसरलेले. जगूभाईंना त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. त्यांना फक्त तो आवाज आठवत होता. दोन्ही हातांत आणि छातीत आठवतो, म्हणायचे. आणि त्यांच्या मनानं असं घेतलं होतं की मशीन हुबेहूब तशी लागली, तो जुना आवाज एकदा निघाला, की बंधू आपल्याला ओळखतील. ह्या असल्या आवाजानं जर ते खुर्चीत बसतात, तर खऱ्या आवाजानं काय होईल, असा त्यांचा हिशेब. मला तो पटायचा नाही. पण बोलून दाखवायची हिंमतही झाली नाही.

त्या नादात मलाही कार्बोरेटर शिकावा लागला. काडेपेटीहून जरा मोठी वस्तू. पेट्रोल आणि हवा किती मिसळायची ते तिनं ठरवायचं. तिला दोन बारीक स्क्रू. एक मशीन हळू चालताना पेट्रोल किती द्यायचं त्याचा, दुसरा पूर्ण रेसला किती द्यायचं त्याचा. तिसरा एक असतो, तो मशीन नुसती धुगधुगत ठेवण्यापुरता. पहिला जास्त आवळला की रेस देताच मशीन दचकून मरते. सैल सोडला की धूर ओकते. आणि तिसरा जास्त पिळला तर हात न लावता लाकूड कापायची दातेरी साखळी फिरायला लागते, म्हणजे कुणाचं तरी बोट जायचं. पण सगळी मेख दुसऱ्या स्क्रूत. बंधूंनी तेव्हा शिकवलेलं जगूभाईंना तेवढंच आठवत होतं. रिकामी असताना पूर्ण रेस दिली की मशीननं जरा कुरकुरलं पाहिजे, आणि लाकडात घातली की गप्प होऊन कामाला लागलं पाहिजे. रिकामी असताना स्वच्छ, गोड गायला लागली तर समजायचं पेट्रोल कमी पडतंय, आतून जळतेय. मी म्हटलं, हे जरा आमच्या सासूबाईंना सांगा, मी कुरकुरले की त्यांना खपत नाही.

म्हणून तो जांभळाचा ओंडका. रोज स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, की मशीन ओंडक्यात घालायची आणि ऐकायचं. ओंडक्याच्या चकत्या पडत गेल्या. सगळ्या आळीत त्या चकत्या पोचल्या. आमच्याकडे पाण्याची कळशी त्यावर, देवघरात समई त्यावर, आणि सासूबाईंनी एक पाय ठेवायला घेतलेली. पण आवाज काही लागेना. सरळ धरली तर बरी चालायची, कुशीवर केली की सूर बदलायचा. प्लग झाला, टाकीतली गाळणी झाली, पेट्रोलची नळी बदलली. शेवटी जगूभाईंनी कार्बोरेटरच उघडला, तेव्हा आतला पडदा हाताला लागला. कातड्यासारखी एक पातळ चकती असते, तिनं श्वासासारखं वरखाली व्हायचं आणि पेट्रोल ओढायचं. ती वाळून पापडासारखी झाली होती. जगूभाईंनी सगळा दोष हल्लीच्या पेट्रोलला दिला. त्यात म्हणे उसाचं काहीतरी मिसळतात, आपल्या दमट हवेत ते पाणी धरतं आणि जुनं रबर खातं.

मग पडदे कापणं सुरू झालं. दुधाच्या पिशवीचा केला, तो चुरगळला. रेनकोटचा केला, तो कडक. दवाखान्यातल्या हातमोज्याचा केला, तो पेट्रोलमध्ये फुगून त्याची पुरी झाली. एका रविवारी माझा नवरा घरी होता, त्याला बंधूंपाशी बसवलं आणि मी जगूभाईंना स्कूटीवर घालून बोईसरला नेलं. कार्बोरेटर रुमालात बांधून मांडीवर. कुंभवलीच्या वाटेवर जुन्या मशिनींचं एक दुकान आहे, तिथल्या यूपीच्या पोरानं तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "अंकल, ये तो मेरे बाप से भी बड़ा है, इसका पार्ट अब कहाँ मिलेगा." जगूभाईंनी रुमालाची गाठ बांधली आणि मला मराठीत म्हणाले, ह्याचा बाप असता तर मिळाला असता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. कंपन्यांची शिफ्ट सुटत होती, माणसांचा लोंढा चाललेला. जगूभाई ग्लास हातात धरून बघत उभे राहिले. कुठंतरी लांब जाऊ या का गं दिवसभर, असं एकदम म्हणाले. पण मी हो म्हणायच्या आत ते स्वतःच घाबरले आणि चहा अर्धा टाकून चल चल करायला लागले. येताना सबंध रस्ता त्यांनी माझ्या खांद्यावर बोटं वाजवत मला घाई केली.

मी मध्येच एक शहाणपणा केला. मशीनचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि स्पीकरवर लावला, म्हटलं रोजची दोरी ओढणं तरी वाचेल. बंधूंनी मोबाइल हातात घेतला, मागून पुढून बघितला, आणि मशीन कुठं आहे ती शोधायला खाटेखाली वाकले. मग तुळशीमागे. मग रडकुंडीला आले. जगूभाई म्हणाले, त्यात वास नाय गं, आणि धावत जाऊन दोरी ओढली.

गणपतीत मुलगी आली, वैशाली. ती काही वाईट मुलगी नाही. बापाचे गळ्याखालचे खड्डे बघितले आणि तिला रडू आलं. नाशिकजवळ अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक चांगली जागा तिनं बघून ठेवली होती. काकांना तिथं ठेवू आणि बाबा, तुम्ही माझ्याकडे चला, असं तिचं म्हणणं. तुम्ही कोण हेच जर त्यांना कळत नाही, तर तिथली नर्स काय आणि तुम्ही काय, त्यांना सारखंच. जगूभाई म्हणाले, आणि ओळख पटली तर? वैशाली म्हणाली, पटली तर मी शब्द काढणार नाही. मग दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं. मुलगी गेली त्या संध्याकाळी कुंपणापाशी येऊन त्यांनी मला हाक मारली आणि तुझ्या मोबाइलात तो पडदा मिळतो का बघ म्हणाले. कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस.

मी हात धुऊन मागे लागले. कार्बोरेटरवरचे आकडे, पडद्याचा फोटो, पट्टी ठेवून काढलेलं माप, जिथं जिथं विचारता येईल तिथं विचारलं. दसरा झाला आणि कुठल्यातरी लांबच्या दुकानातून चपटं पाकीट आलं. नवा पडदा, नवी गॅस्केटं. जगूभाईंनी पाकीट कपाळाला लावलं. तेव्हा परतीचा पाऊस वाऱ्यासकट येऊन गेला होता आणि आळीत एकदोन झाडं आडवी झालेली, पण आमचं लक्ष त्या पाकिटात.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले ती चहा न घेता तिकडेच गेले. जगूभाईंनी मशीन विहिरीपाशी आणली. दोन्ही स्क्रू अलगद टेकेपर्यंत आवळले आणि एकेक आटा सोडले. दोरी ओढली. पेटली ती मेली नाही. आधी हळूचा स्क्रू लावला. रेस दिली की लगेच उठायला लागली, दचकली नाही. मग कुशीवर केली, दोन्ही बाजूंना. सूर बदलला नाही. मग पूर्ण रेस देऊन दुसरा स्क्रू. गोड गायली. जगूभाईंनी मान हलवली, जरा सोडला. अजून गोड. अजून जरा सोडला. आणि मशीन कुरकुरली. ती त्यांनी ओंडक्यात घातली मात्र, सगळी कुरकूर थांबली आणि भुसा नुसता उडायला लागला. मला काही इंजिनातलं कळत नाही. पण आवाज लागला हे मलासुद्धा कळलं. जगूभाईंच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला विशीतला जगू दिसला.

मी बंधूंकडे बघितलं. डोळे उघडे होते. पाठ ताठ झाली होती आणि ते लांब बघत होते, विहिरीच्याही पलीकडे. मी जगूभाईंना खूण केली. त्यांनी बघितलं, आणि घाईघाईनं मशीन बंद करायचा खटका खाली पाडला. त्यांना विचारायचं होतं ना. मी कोण, म्हणून.

विचारायच्या आत बंधू म्हणाले, "जगू."

जगूभाईंच्या हातातून मशीन घसरून भुशात पडली. ते माझ्याकडे वळले. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. नाव घेतलं गं, नाव घेतलं, असं दोनतीनदा म्हणाले. मीही रडत होते. दोघांनी मिळून किती वेळ घालवला कोण जाणे, कारण आम्ही वळलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. मशीन बाहेर आणताना जगूभाईंनी मागचं बेडं, कुंपणातलं ते लहान फाटक, उघडं टाकलं होतं. तो माणूस आयुष्यात एकदाच कडी लावायला विसरला.

मग आमची धावाधाव. जगूभाई पाय ओढत वाडीवाडीत हाका मारत, मी स्कूटीवरून खाडीच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. अंधार व्हायला आला होता. पुढच्या वाडीत वाऱ्यानं पडलेली चिंच होती, तिथं मला फांद्या मोडल्याचा आवाज आला. बंधू त्या झाडात कमरेपर्यंत शिरले होते आणि नुसत्या हातांनी फांद्या ओढत होते. हात रक्ताळलेले. मला बघून म्हणाले, "बाई, हात लावा जरा. माझा जगू खाली आलाय. मशीन न सांगता बंद पडली."

तेवढ्यात जगूभाई पोचले. धापा टाकत त्यांनी बंधूंचे दोन्ही दंड धरले. "बंधू, मी हाय जगू. बघा माझ्याकडं. मीच."

बंधूंनी नीट बघितलं. सुरकुत्या बघितल्या, पांढरे केस बघितले. आणि रागावले. "माझं पोर मरतंय आणि तुमाला मस्करी सुचते? वीस वर्षांचा हाय तो." दंड सोडवून घेतले आणि पुन्हा फांदीला हात घातला.

मला वाटलं आता जगूभाई खाली बसतात. पण ते पुढं झाले, बंधूंच्या शेजारून आत शिरले आणि फांद्या ओढायला लागले. एक बाजूला केली, दुसरी केली. मग चिखलात आडवे झाले, खोडाखाली डोकं घालून सगळीकडे बघितलं, आणि उठून म्हणाले, "इथं नाय तो. सुटला. मला रस्त्यात भेटला आताच."

"खरं?"

"तर! कंपनीत कामाला लागलाय ना. ड्युटीवर चाललेला."

"आणि पाय?"

"पाय बरा हाय. जरा ओढतो, पण चालतो."

बंधू त्या खोडावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग जगूभाईंचा हात धरून म्हणाले, त्याला सांगा, मशीनला परत हात लावू नको. जगूभाई म्हणाले, सांगतो. आणि हात धरून त्यांना घरी आणलं.

घरी आल्यावर जखमा धुताना जगूभाईंनी मला सांगितलं. झाडं तोडणाऱ्यांचा तेव्हा एक नियम असायचा. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, मध्ये रान. म्हणून मशीन बंद करायच्या आधी दोनदा रेस द्यायची, म्हणजे लांबच्याला कळतं की मी ठीक आहे. तसं न करता आवाज तुटला, तर हातातलं टाकून पळत सुटायचं. विशीत जगूभाई चिंचेखाली आले तेव्हा आवाज असाच तुटला होता. आणि इतके महिने रोज तिन्हीसांजेला जगूभाई खटका पाडून मशीन बंद करत होते आणि बंधू फाटक हलवत होते. काम राहिलंय म्हणत होते. "मला वाटायचं मला सोडून चाललेत," जगूभाई म्हणाले. मी हळदीची वाटी घेऊन उगीचच आत गेले.

मशीन पुन्हा गोणपाटात बांधून माळ्यावर गेली. तिची गरजच राहिली नाही. तिन्हीसांज झाली की बंधू उठायचे, आणि जगूभाई नुसतं सांगायचे की जगू ड्युटीवर आहे, आज ओव्हरटाइम आहे, उशीर होईल. तेवढ्यावर ते बसायचे. सकाळचं ते मी कोण विचारणंही बंद झालं. दिवाळीला वैशाली आली तेव्हा मी फराळाचं द्यायला गेले होते, त्यामुळे जे झालं ते माझ्यासमोर झालं. तिनं विचारलं, बाबा, ओळखलं का काकांनी? मला वाटलं हे आता खोटं बोलणार. नाव घेतलं होतं, तेवढं सांगितलं तरी चालण्यासारखं होतं.

"नाय," जगूभाई म्हणाले. "ओळखायचेबी नाय आता. पण माझी वाट बघतात गं ते रोज. त्यांना उचलून दुसरीकडं ठेवलं, तर मी येणार कुठं?"

नाशिकच्या जागेचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला कंपनीच्या जवळ राहणं भाग पडलं आणि आम्ही सासूबाईंना घेऊन बोईसरला फ्लॅटमध्ये आलो. निघायच्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला कुंपणापाशी गेले. दोघं पडवीच्या पायरीवर बसले होते. जगूभाई बंधूंची नखं कापत होते आणि बंधू पाहुण्याशी बोलावं तशा अदबीनं त्यांच्याशी बोलत होते. मला हाक मारवेना. तुमी कुठले, असं बंधूंनी विचारलं. जगूभाई नखांवरून नजर न काढता म्हणाले, हितलाच, शेजारचा.

बंधूंनी रस्त्याकडे बघितलं. उजेड कमी होत चालला होता. त्यांनी जगूभाईंच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि म्हणाले, "मग जा आता घरी. तुमचीबी कोणतरी वाट बघत असंल."

"जातो," जगूभाई म्हणाले. "जगू आला की जातो."